युरिपिडीसचें ‘हिप्पोलिटस’ : अस्सल शिक्क्याची खोटी फिर्याद

जुन्या कागदांची छाननी करणाऱ्या मंडळींपुढें एका ग्रीक पद्यनाटकाचा विचार मांडण्याचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील तर तो प्रश्न रास्तच होय. या पृष्ठांतून सामान्यतः सनदा, महजर, करीने, निवाडपत्रें आणि पोथ्यांच्या पुष्पिका यांचीच चर्चा चालते. रंगभूमीवरील शोककथांना येथें सहसा जागा मिळत नाहीं. परंतु इसवी सनापूर्वीं ४२८ सालीं अथेन्स येथें ज्याचा प्रयोग झाला, त्या युरिपिडीसच्या ‘हिप्पोलिटस’ या नाटकांतील सारा अनर्थ एका लेखावरून, नेमकें बोलावयाचें तर एका मोहोरबंद पाटीवरून, घडतो. ती पाटी राजा हातीं कशी घेतो, शिक्का कसा ओळखतो, काय वाचतो आणि काय तपासावयाचें सोडून देतो, हें कवीनें इतक्या बारकाईनें दाखविलें आहे कीं, आपल्या कामाशीं याहून जवळचें दुसरें नाटक प्रस्तुत लेखकास ठाऊक नाहीं. या नाटकावर जें लिहिलें जातें त्यांत फीड्रा राणीच्या अभिलाषेची, हिप्पोलिटसच्या ब्रह्मचर्याची आणि दोन देवतांच्या वैराची चर्चा विपुल असते. त्या मानानें पाटीकडे लक्ष थोडें जातें. तें येथें द्यावयाचें आहे.

कथानक थोडक्यांत असें. अथेन्सचा राजा थीसियस हा आपल्या भाऊबंदांच्या हत्येचें पातक फेडण्यासाठीं एक वर्षाची हद्दपारी पत्करून ट्रोझेन नगरींत राहिला आहे. अमेझॉन स्त्रीपासून झालेला त्याचा पुत्र हिप्पोलिटस मृगयेंत रमणारा, आर्टेमिस या कुमारी देवतेचा एकनिष्ठ भक्त. प्रेमदेवता आफ्रोडायटी हिला तो हात जोडीत नाहीं. या अपमानाचा सूड म्हणून आफ्रोडायटीनें थीसियसची राणी, क्रीटच्या मिनॉस राजाची कन्या फीड्रा, हिच्या मनांत सावत्र पुत्राविषयीं अभिलाष उत्पन्न केला आहे. हें सर्व ती देवता स्वतः आरंभींच येऊन सांगते आणि शेवट काय होणार तेंही सांगून मोकळी होते. तेव्हां पहिल्या साठ ओळींतच प्रेक्षकास निकाल कळलेला असतो. १४६६ ओळींच्या या नाटकांत पुढें पाहावयाचें उरतें तें एवढेंच कीं, माणसें त्या विनाशास आपल्या हातानें कसा हातभार लावतात.

फीड्रेचें चित्र काढतांना कवीनें जो संयम दाखविला आहे तो वाखाणण्याजोगा आहे. ती प्रथम रंगभूमीवर येते ती तीन दिवसांची उपाशी, दासींच्या आधारानें चालणारी. आपल्या मनांतील विकार तिनें प्रथम मौनानें झांकला, मग विवेकानें जिंकावयास पाहिला, आणि दोन्ही उपाय हरल्यावर मरण पत्करलें. हा क्रम ती स्वतः, जणूं दुसऱ्या कोणाचा करीना सांगावा तशा थंडपणें, सांगते. दाई हात धरून बसल्यावर रहस्य बाहेर पडतें खरें. पण तेव्हांही ज्याच्यावर मन जडलें त्याचें नांव राणी उच्चारीत नाहीं. ती केवळ अमेझॉनच्या पुत्राकडे बोट दाखविते. नांव दाई उच्चारते, आणि तें तूंच बोललीस, मी नव्हे, असें राणी तिला ऐकविते. पुढें सर्व फुटल्यावर तें नांव तिच्या तोंडीं येतें, तोंपर्यंत नाहीं. सबंध नाटकांत फीड्रा आणि हिप्पोलिटस यांच्यांत एका शब्दाचीही देवघेव होत नाहीं. निषिद्ध प्रेमाचें नाटक, आणि दोघांचा संवाद नाहीं! ज्या बाईनें जिभेवर एवढा पहारा ठेवला, तिनें अखेरीस पाटीवर मात्र लिहून ठेवलें. बोलणें आणि लिहिणें यांतील हें अंतर कवीनें मुद्दाम राखलें आहे, असें मला वाटतें.

दाई राणीच्या हिताच्या बुद्धीनें हिप्पोलिटसला सर्व सांगते, परंतु आधीं त्याच्याकडून गुप्ततेची शपथ घेते. तो संतापतो, समस्त स्त्रीजातीस दूषणें देतो, आणि शपथेचें बंधन जिभेपुरतेंच मानणारें एक वाक्य त्या भरांत त्याच्या तोंडून निघतें. त्या एका वाक्यावरून ॲरिस्टोफेनीस या विनोदी नाटककारानें युरिपिडीसची बरीच थट्टा केली. ती थट्टा अन्यायाची आहे. कारण तें बोलणारा मनुष्य पुढें प्राण गेला तरी शपथ मोडीत नाहीं. इकडे राणीस वाटतें कीं, हा आतां सर्व पित्यास सांगणार, आपली अब्रू जाणार आणि आपल्या मुलांच्या माथीं कलंक लागणार. ती भोंवतालच्या स्त्रियांस मौनाची शपथ घालते, आंत जाते, आणि गळफास लावून घेते.

आतां पाटीचा प्रवेश. थीसियस देवस्थानाहून परत येत आहे. डोक्यावर यात्रेकरूची माळ आहे. आंतून आक्रोश ऐकूं येतो, दारें उघडतात, राणीचें प्रेत दिसतें. माळ फेकून देऊन तो विलाप करतो, आणि मग त्याची नजर तिच्या हाताला बांधलेल्या पाटीकडे जाते. येथें कवीनें घाई केलेली नाहीं. राजा प्रथम तर्क करतो: मरतां मरतां हिनें मुलांविषयीं कांहीं मागणें लिहिलें असेल, मी पुन्हां लग्न करूं नये असें म्हटलें असेल. मग तो मोहोर पाहतो. ती त्या मृत बाईच्याच सोन्याच्या अंगठीची आहे, आणि त्या ठशाकडे पाहतांना त्याचें मन क्षणभर कोवळें होतें. मग तो बंधन सोडतो आणि वाचतो. आणि वाचतां वाचतां त्याला ती पाटीच आक्रोश करीत आहे असा भास होतो. संशोधकाच्या दृष्टीनें पाहतां येथपर्यंत त्याचें कांहींही चुकलेलें नाहीं. लेख कोठें सांपडला, कोणाच्या ताब्यांत होता, मोहोर कोणाची, ती फुटलेली कीं अखंड, हीं सर्व बाह्य प्रमाणें त्यानें यथाक्रम पाहिलीं आणि सर्व निर्दोष निघालीं. आपल्यापैकीं कोणीही त्या पाटीवर ‘अस्सल’ असाच शेरा मारला असता.

आणि ती अस्सलच आहे. मोहोर राणीची, हात राणीचा, मागाहून घुसडलेलें अक्षर एकही नाहीं. खोटा आहे तो मजकूर.

या मुद्द्याचें वैशिष्ट्य ध्यानीं येण्यासाठीं आपल्या इकडच्या कांहीं कथा शेजारीं ठेवून पाहाव्या. नारायणराव पेशव्यांचा १७७३ सालीं जो खून झाला, त्यासंबंधीं आनंदीबाईंनीं ‘ध’चा ‘मा’ केला ही लोकपरंपरा सर्वांस ठाऊक आहे. तिच्यांत मूळ आज्ञा एक आणि अक्षर फिरवून केलेली आज्ञा दुसरी. अगदीं त्याच जातीची कथा हेमचंद्राच्या बाराव्या शतकांतील ‘परिशिष्टपर्वां’त अशोकपुत्र कुणालाविषयीं आली आहे. राजपुत्रानें आतां अध्ययन करावें या अर्थाचा ‘अधीयउ’ हा शब्द राजानें लिहिला. सावत्र आईनें त्यावर एक अनुस्वार दिला. ‘अंधीयउ’ झालें, आणि राजपुत्राचे डोळे गेले. पोथ्या नकलून घेणाऱ्यांनीं ही कथा आपल्या टेबलावर लावून ठेवावी अशी आहे. परंतु तेथें सावत्र आईचा हेतु स्वतःच्या मुलास गादी मिळावी हा आहे, प्रेमाचा नाहीं. प्रेमाची बाजू ‘दिव्यावदाना’ंतील कुणालकथेंत सांपडते. हा संस्कृत ग्रंथ कॉवेल व नील यांनीं १८८६ सालीं केंब्रिज येथें छापून काढला. त्यांत तिष्यरक्षिता राणी कुणालाच्या सुंदर डोळ्यांवर भाळते, तो तिला माता म्हणून नाकारतो, आणि सात दिवसांचें राज्य हातीं आलें असतां ती त्याचे डोळे काढण्याची आज्ञा तक्षशिलेस धाडते. आज्ञेवर राजाची दंतमुद्रा हवी; राजा निजला असतां ती मिळविली जाते. म्हणजे शिक्का खरा, पण ज्याचा शिक्का त्याची संमति नाहीं. या तिन्ही कथांत बारकाईनें पाहणाऱ्यास लबाडी पकडण्यास कोठें तरी फट आहे: अक्षराच्या वळणांत, अनुस्वाराच्या शाईंत, मुद्रा उमटली त्या वेळेंत. युरिपिडीसनें तशी फटच ठेवलेली नाहीं. त्याच्या पाटीची परीक्षा पाटी पाहून होण्यासारखी नाहीं. ती पाटीबाहेर जाऊनच करावी लागते, आणि राजा पाटीबाहेर जावयास तयार नाहीं.

तयार नाहीं, हें कवीनें एका पाठोपाठ एक अशा प्रसंगांनीं दाखविलें आहे. पॉसिडॉन देवानें थीसियसला तीन शाप दिलेले आहेत. त्यांतील एक तो पुत्राची गांठ पडण्यापूर्वींच उच्चारून टाकतो. निकाल आधीं, फिर्याद मागाहून! हिप्पोलिटस येतो तेव्हां बाप त्यास विचारीत नाहीं, सुनावतो. माणसाला दोन आवाज असते, एक खरा आणि एक कसाही, म्हणजे खोटें बोलणें लगेच उघडें पडलें असतें, अशी इच्छा तो बोलून दाखवितो. आणि ही कसोटी ज्या पाटीला लावावयाची ती त्याच्या हातांतच असते. मुलगा सांगतो, शपथेवर घ्या, द्रष्ट्यांचा कौल घ्या, निदान कांहीं काळ जाऊं द्या. राजाचें उत्तर असें कीं, ही पाटी पुरे आहे; डोक्यावरून उडणारे शकुनाचे पक्षी मला नकोत. महजर आणि निवाडपत्रें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांना या मागणीचा अर्थ समजावून सांगावयास नको. आपल्याकडील वतनाच्या तंट्यांत कागद दाखविला म्हणजे संपलें असें होत नसे. गोताची साक्ष होई, शपथ होई, आणि प्रसंगीं उकळत्या तेलांतून रवा काढण्याचें दिव्यही होई. त्या रीतींतल्या कित्येक गोष्टी आज आपल्याला रानटी वाटतात. पण एका कागदावर सर्व भार टाकूं नये, एवढी समज तीत होती, आणि हिप्पोलिटस नेमकें तेंच मागत होता.

साक्षीदार नव्हते असेंही नाहीं. एक साक्षीदार मेलेली आहे. दुसरा, म्हणजे हिप्पोलिटस, शपथेनें बांधला आहे. नगरांतील स्त्रियांचा जो समूह सर्व वेळ रंगभूमीवर आहे तोही शपथेनें बांधला आहे. परंतु दाई? जिनें निरोप नेला, जिला सर्व ठाऊक होतें, ती याच घरांत आहे, जिवंत आहे, आणि थीसियस तिला एकदांही बोलावीत नाहीं. नाटकाच्या मध्यावर राणी तिला हांकून देते, आणि त्यानंतर ती दिसतच नाहीं. कित्येक वाचक तिला विसरूनही जातात. मला ही कवीची युक्ति वाटते. जो साक्षीदार कोणी बोलाविला नाहीं तो इतिहासांतूनही असाच नाहींसा होतो. हिप्पोलिटस शेवटीं घराच्या भिंतींनाच वाचा फुटावी असें म्हणतो. फीड्रेनेंही आरंभीं त्याच भिंतींची भीति बोलून दाखविलेली असते.

आणखी एक गोष्ट अशी कीं, पाटीवरील मजकूर आपल्याला कधींच ऐकावयास मिळत नाहीं. राजा ती मोठ्यानें वाचीत नाहीं. माझ्या शय्येवर पुत्रानें बळानें हात टाकला, असा गोषवारा तो ओरडून सांगतो, आणि दोन हजार चारशें वर्षें आपण त्या गोषवाऱ्यावरच चाललों आहों. आर्टेमिस शेवटीं तो लेख खोटा होता असें सांगते, म्हणून फीड्रेनें खोटें लिहिलें यांत शंका नाहीं. पण किती लिहिलें, कोणत्या शब्दांत लिहिलें, स्पष्ट आरोप केला कीं संशयापुरतें सुचविलें, हें सांगण्याचें साधन कवीनें हेतुपूर्वक काढून घेतलें आहे. मूळ न देतां संतप्त माणसानें केलेला सारांश कितपत धरावा, हा प्रश्न ज्यांनीं अखबार आणि वकिलांचीं पत्रें चाळलीं आहेत त्यांना नवा नाहीं.

या सर्व प्रकरणांत प्रमाणशास्त्र कोणाला कळलें असेल तर तें एका नोकराला. समुद्रांतून निघालेल्या बैलानें घोडे बुजविले, रथ फुटला आणि राजपुत्र लगामांत गुंतून फरफटला, ही बातमी घेऊन जो सेवक येतो त्याचें भाषण लांब आहे, कित्येकांना तें अति लांब वाटतें. पण त्याच्या अखेरीस तो राजाला तोंडावर सांगतो कीं, मी तुमच्या घरचा दास असलों तरी तुमचा मुलगा दुष्ट होता असें मी कधींही मानणार नाहीं, मग साऱ्या बायकांनीं गळफास घेतले आणि इडा पर्वतावरील पाइनचें सारें लांकूड कोणी लेखांनीं भरून काढलें तरी. पाइनचें लांकूड म्हणजे पाट्यांचें लांकूड. हा मनुष्य लेखाचें वजन लेखाच्या राशीवरून करीत नाहीं, ज्या माणसाबद्दल लेख आहे त्याच्या आयुष्यभराच्या ओळखीवरून करतो. अर्थात् त्याचेंही प्रमाण निर्दोष नव्हे. चांगल्या ओळखीचीं माणसेंही गुन्हे करतात. पण दोन प्रमाणें समोरासमोर ठेवावीं लागतात हें त्याला कळलें, राजाला कळलें नाहीं.

नाटकांत दोष नाहींत असें नाहीं. एका निरपराध मुलाला मरणाच्या वाटेवर जातांना पाहूनही पंधरा बायकांनीं शपथेसाठीं तोंड मिटून बसावें, हें ग्रीक रंगभूमीच्या संकेतानें पचत असेल, साध्या बुद्धीला पचत नाहीं. शेवटीं आर्टेमिसनें येऊन सर्व उलगडा करावा यालाही पुष्कळांनीं नांवें ठेविलीं आहेत. दुसरा आक्षेप मला तितकासा मान्य नाहीं. कवीनें एकेक तोंड बंद करीत आणलें होतें. खरें बोलूं शकेल असा मनुष्य उरलाच नव्हता. आणि आर्टेमिस येऊन थीसियसला जो दोष देते तो पुत्रहत्येचा म्हणून कमी आणि चौकशी न केल्याचा म्हणून अधिक आहे: प्रमाण पाहिलें नाहींस, द्रष्ट्यांना विचारलें नाहींस, तपास केला नाहींस, वेळ जाऊं दिला नाहींस, आणि शाप मात्र तांतडीनें दिलास. देवतेच्या तोंडीं असें कलमवार दोषारोपपत्र दुसऱ्या कोणत्याही शोककथेंत माझ्या पाहण्यांत नाहीं.

आतां नाटकाच्या स्वतःच्या कागदपत्रांकडे वळूं. कारण तेथेंही हाच घोटाळा वेगळ्या वेषानें उभा आहे. युरिपिडीसनें या विषयावर दोन नाटकें लिहिलीं. एकाला ‘आच्छादित’ हिप्पोलिटस म्हणत, दुसऱ्याला ‘मालाधारी’. दुसरें उपलब्ध आहे, पहिल्याचे उतारे व तुकडे तेवढे राहिले आहेत. पुस्तकांतून सर्रास असें वाचावयास मिळतें कीं, पहिल्या नाटकांत फीड्रेनें निर्लज्जपणें स्वतः हिप्पोलिटसला विनविलें, अथेन्सचे लोक बिथरले, म्हणून कवीनें दुसरें, सोज्ज्वळ नाटक लिहून आपली चूक दुरुस्त केली. याला आधार काय? हस्तलिखितांत नाटकाच्या आधीं जी जुनी प्रस्तावना जोडलेली असते, तिच्यांत प्रयोगाचें साल आहे. युरिपिडीसला पहिलें, सोफोक्लीसचा मुलगा आयोफॉन याला दुसरें आणि आयॉन याला तिसरें स्थान मिळाल्याची नोंद आहे. आणि पुढें असें म्हटलें आहे कीं, हें नाटक मागाहून लिहिलेलें दिसतें, कारण जें अनुचित आणि दूषणास्पद होतें तें यांत सुधारलें आहे. ही प्रस्तावना अलेक्झांड्रियाच्या विद्वानांच्या, विशेषतः बायझँटियमच्या ॲरिस्टोफेनीसच्या, परंपरेंतील म्हणून मानली जाते. तिचें प्राचीनत्व अस्सल आहे. पण तिच्यांतील क्रियापद पाहा: ‘दिसतें’. विजयाची नोंद ही नोंद आहे. नाटकांचा क्रम हा मात्र त्या जुन्या विद्वानाचा तर्क आहे, आणि तो तर्क आहे हें त्यानें प्रामाणिकपणें सांगितलें आहे. पुढच्यांनीं ‘दिसतें’ गाळलें आणि ‘आहे’ लिहिलें. १९९७ सालीं जॉन गिबर्ट यांनीं हा क्रम खरोखर सिद्ध आहे काय, अशी शंका सविस्तर मांडली. ती सर्वांस पटलेली नाहीं, आणि प्रचलित क्रमच खरा असण्याचा संभव मलाही अधिक वाटतो. पण संभव आणि नोंद यांना एकाच ओळींत बसविणें म्हणजे थीसियसनें केलें तेंच करणें होय.

उपलब्ध नाटक आपल्या हातीं आलें तें शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या दहा निवडक नाटकांत त्याचा समावेश होता म्हणून. व्हेनिसच्या मार्चियाना ग्रंथालयांतील ४७१ क्रमांकाची अकराव्या शतकांतील प्रत प्रसिद्ध आहे, परंतु तींत या नाटकाचा शेवटचा भाग नाहीं. जेरुसलेम येथील एका पुसून पुन्हां लिहिलेल्या चर्मपत्राच्या पोथींतही याचीं कांहीं पानें खालच्या थरांत निघालीं. छापून प्रथम निघालें तें फ्लॉरेन्स येथें, १४९४ च्या सुमारास, यानुस लास्कारिसनें काढलेल्या चार नाटकांच्या पुस्तकांत.

रोमन तत्त्वज्ञ सेनेका (मृत्यु इ. स. ६५) याच्या लॅटिन नाटकाचीं तर नांवेंच दोन आहेत. फ्लॉरेन्सच्या लॉरेन्शियन ग्रंथालयांत असलेल्या, ‘एट्रुस्कस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अकराव्या शतकाच्या अखेरच्या प्रतींत त्याला ‘फीड्रा’ म्हटलें आहे. दुसऱ्या शाखेच्या प्रतींत ‘हिप्पोलिटस’. नाटक कोणाचें, त्या बाईचें कीं त्या मुलाचें, याविषयीं लेखकूंच्या दोन घराण्यांचा हा शेंकडों वर्षांचा मतभेदच म्हणावयाचा! नाटक वाचल्यावर मात्र पहिलें नांव बरोबर वाटतें. सेनेकानें पाटी काढून टाकली आणि तिच्या जागीं तलवार आणली. हिप्पोलिटस तलवार टाकून पळतो. राणी स्वतः आरोप करते आणि ती तलवार पुरावा म्हणून पुढें ठेवते. थीसियस हस्तिदंती मुठीवरील राजकुळाच्या बारीक खुणा ओळखतो. खुणा पुन्हां अस्सल, अर्थ पुन्हां खोटा. परंतु येथें बापलेकांची गांठच पडत नाहीं, म्हणून चौकशी नाकारली जाण्याचा तो भयंकर प्रवेशही नाहीं. उरते ती वक्तृत्वाची आतषबाजी, आणि अखेरीस छिन्न देहाचे तुकडे जुळवीत बसलेला बाप. हें दृश्य कित्येकांना किळसवाणें वाटतें. फाटक्या पोथीचीं पानें ज्यानें जुळविलीं आहेत त्याला तें तितकें वाटणार नाहीं.

फ्रेंच कवि रासीन याचें नाटक १ जानेवारी १६७७ रोजीं पॅरिस येथें प्रथम झालें. दोनच दिवसांनीं प्राडाँ या दुसऱ्या नाटककाराचें त्याच विषयावरील नाटक प्रतिस्पर्ध्यांनीं उभें केलें. तें आज या स्पर्धेमुळेंच लोकांच्या स्मरणांत आहे. रासीनच्या नाटकाचें मूळ नांव ‘फेद्र आणि इपोलित’. १६८७ च्या आवृत्तींत तें नुसतें ‘फेद्र’ झालें, म्हणजे त्यानेंही एट्रुस्कस प्रतीचाच पक्ष घेतला. खोटा आरोप राजकन्येच्या तोंडीं शोभत नाहीं म्हणून आपण तो दाईच्या पदरीं बांधला, असें तो प्रस्तावनेंत सांगतो. हा खुलासा मला फार हिणकस वाटतो. नीचपणा नोकराणीस अधिक शोभतो असें मानणारा दरबार त्याच्यापुढें बसला होता, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याच नाटकांत दोन गोष्टी अशा आहेत कीं, ग्रीक कवीलाही त्यांचा हेवा वाटावा. पांचव्या अंकांत थीसियसच्या मनांत शंका शिरते, आणि तो दाईला पुन्हां बोलावून विचारपूस करावयाचें ठरवितो. युरिपिडीसच्या राजाला जें सुचलें नाहीं तें याला सुचतें, परंतु उशीरा: दाईनें समुद्रांत उडी घेतलेली असते. आणि त्याच वेळीं बातमी येते कीं, राणीनें तीन वेळां पत्र लिहावयास घेतलें आणि तिन्ही वेळां फाडून टाकलें. अशा रीतीनें दोन हजार वर्षांपूर्वींची ती पाटी रासीनच्या नाटकांत पुन्हां येते, पण फाटलेली, न धाडलेली. त्या पत्रांत काय लिहिलें होतें? कबुली, कीं दुसरा आरोप? नाटक सांगत नाहीं. पुढें विष घेऊन ती स्वतःच्या मुखानें सत्य सांगते. फीड्रेच्या मनाचा जेवढा ठाव रासीननें घेतला तेवढा कोणी घेतला नाहीं, हें मी निःशंकपणें मान्य करतों. पण पुराव्याचें नाटक म्हणून युरिपिडीसचें श्रेष्ठत्व त्यानें ढळत नाहीं.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून बखरीपेक्षां समकालीन अस्सल पत्र श्रेष्ठ, हा धडा आपण गिरवीत आलों आहों. आणि तो धडा योग्यच आहे. माझ्या एका स्नेह्यांजवळ एक थैली आहे. तींतील एका पत्रांत एका घराण्यावर मोठा आरोप केला आहे. शंका काढली कीं ते पत्र उलटून मोर्तब दाखवितात. मोर्तब निःसंशय खरें आहे. मीं त्यांस हें नाटक वाचावयास दिलें. त्यांनीं तें परत करतांना दोष दाईचा आहे एवढेंच मत दिलें.

शेवटीं ट्रोझेनची एक हकीगत सांगावयाची राहिली. नाटकाच्या अखेरीस आर्टेमिस मरणाऱ्या हिप्पोलिटसला वचन देते कीं, येथील मुली लग्नापूर्वीं आपले केस कापून तुला वाहतील. ही केवळ कविकल्पना नव्हे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत पॉसेनियस नांवाचा प्रवासी त्या गांवीं गेला, तेव्हां तेथें हिप्पोलिटसचें देवस्थान होतें आणि केस वाहण्याची चालही चालूं होती. तेथें त्यास फीड्रेची कबर दाखविण्यांत आली. परंतु गांवकऱ्यांना नाटकांतील शेवट मान्य नव्हता. घोड्यांनीं फरफटत नेऊन हिप्पोलिटस मेला हें ते कबूल करीत नसत, आणि त्याची कबर ठाऊक असूनही ती ते दाखवीत नसत, असें पॉसेनियसनें नमूद केलें आहे. त्यांचें म्हणणें असें कीं, तो आकाशांत आहे. आपण ज्याला सारथी म्हणतों आणि ज्यांत ब्रह्महृदय ही तेजस्वी तारका आहे, तो तारकापुंज म्हणजेच हिप्पोलिटस.